क्लॅरिनेटचा कागद मी दुरुस्त केला

संगीताला अभ्यास लागतो हे लोकांना पटवून देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि तरी कुणाला फारसं पटलं असं वाटत नाही. श्रीरामपुरात मी तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं. रविवारी चर्चमध्ये आमच्या मंडळीच्या उपासनेला ऑर्गन वाजवला, तो अजूनही वाजवते. तरुणपणी टपालाने पुस्तकं मागवून पाश्चात्त्य संगीताच्या लेखी परीक्षा दिल्या, त्यांची प्रमाणपत्रं बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेली आहेत. त्यामुळे गावात कुणालाही ‘नोटेशन’ हा शब्द आठवला की त्याला माझ्याकडे धाडतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्नेहसंमेलनाच्या आत कीबोर्डवर सिनेमातलं एक गाणं बसवून हवं असतं. वहीतल्या पाच रेघा बघितल्या की त्यांच्या आया म्हणतात, लिहिण्याचं नंतर बघू, आधी बोटं फिरू द्या. मी त्यांना चहा पाजते आणि परत पाठवते.

तीन वर्षांपूर्वी शेवगावहून एक बँडवाले आपल्या मुलीला घेऊन आले. लग्नात वाजवतात तो बँड. मुलगी नुकतीच बारावी झाली होती. बँडमध्ये मुली वाजवत नाहीत, पण घरी वडिलांच्या हाताखाली ती दहाव्या वर्षापासून क्लॅरिनेट वाजवत होती. वडील लग्नसराईत जी चाल वाजवून येत, ती दुसऱ्या दिवशी ही घरात त्यांच्यापेक्षा सफाईने वाजवायची, हे तेच मला कौतुकाने सांगत होते. दक्षिणेत एक मोठं संगीत विद्यालय आहे आणि तिथे हे वाद्य पदवीपर्यंत शिकवतात, हे तिने मोबाईलवर शोधून काढलं होतं. प्रवेशासाठी लेखी पेपर होता, स्वर ओळखण्याची परीक्षा होती, पियानोच्या साथीने दोन रचना वाजवायच्या होत्या, समोर ठेवलेला अनोळखी कागद तिथल्या तिथे वाचून वाजवायचा होता, आणि वर इंग्रजीत एक निबंध. यातलं वाजवणं आणि ओळखणं सोडलं तर तिला काहीही येत नव्हतं.

“एक वरीस देतो, बाई,” वडील म्हणाले. “पुढल्या जूनला लागलं तर लागलं. न्हाईतर नर्सिंगला घालतो. तिच्या मावशीनं समदं बोलून ठेवलंय.”

मुलगी तोवर खाली बघत होती. मग मान वर करून वडिलांच्या देखत म्हणाली, “मला नर्सिंग नाही करायचं.” आवाज अजिबात कापला नाही. मला ते आवडलं, आणि दर शनिवारी यायचं या अटीवर मी हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी मी ऑर्गनवर मधला सी दाबला, वहीत तो पाच रेघांच्या खाली कसा लिहितात ते दाखवलं आणि म्हटलं, हाच स्वर तुझ्या वाद्यावर शोध. तिने एका फुंकेत शोधला. मग डी, मग ई. पंधरा मिनिटांत तिने सगळी सप्तकं माझ्या ऑर्गनशी जुळवून दाखवली. इतकी वर्षं बेसूर मंडळीला साथ केल्यावर असा कान समोर बसला की माणूस हुरळतंच. वडील तेवढ्यात म्हणाले, “बाई, ह्ये वाद्य काळी पाचचं हाय. ह्याचा हिशेब पेटीवानी न्हाई.” पेटीवाले पट्ट्यांना काळी एक, पांढरी दोन अशी नावं देतात, बँडवालेही तीच वापरतात. मी त्यांना सांगितलं की काळी-पांढरी चपलांबरोबर बाहेर ठेवायची, इथे ए बी सी डी चालतं. पालकांना वर्गाच्या दाराशी थोपवायची मला सवय होती. ते “बरं” म्हणून ओट्यावर जाऊन बसले.

त्या वर्षाने माझं डोकं खाल्लं. एक तर ती शेवगावहून नेवासा फाट्यावर एसटी बदलून यायची आणि कधीच वेळेवर पोचायची नाही. दहाचा तास साडेअकराला सुरू व्हायचा. दुसरं म्हणजे तिच्या वडिलांचे फोन. बारावीला विचारतात तसं ते मला विचारायचे की पेपरला हमखास येणारे प्रश्न कोणते, तेवढेच करून घ्या. मी सांगायचे की असं नसतं. ते म्हणायचे की बरोबर आहे, पण तरी. लग्नसराईत मागे ढोल चालू असताना फोन करायचे, म्हणजे मला ओरडून उत्तर द्यावं लागे, आणि शेजारीण विचारायची की कुणाशी भांडत होतात.

निबंधाची तर तऱ्हाच वेगळी. मला संगीत का शिकायचं आहे, एवढंच लिहायचं होतं. पहिला निबंध तिने आणला तो दहावीच्या गाईडमधून उतरवलेला होता. मूळचा निबंध क्रिकेटवर असावा, कारण क्रिकेटच्या जागी सगळीकडे म्युझिक घातलं होतं आणि एका वाक्यात बॅट तशीच राहिली होती. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तुला जे वाटतं ते लिही. ती म्हणाली की तसं लिहिलं तर मार्क मिळतात का. असे सात निबंध झाले. सातव्यात तिने लिहिलं की दुसऱ्याच्या लग्नात वाजवायला मिळत नाही म्हणून मी घरात बसून वाजवते, आणि मला ऐकणारी माणसं हवी आहेत. इंग्रजी मोडकं होतं. मी काळ तेवढे सुधारले आणि बाकी हात लावला नाही.

पण सगळ्यात जास्त छळलं ते तिच्या कानानेच. तिला वाचायची गरजच पडायची नाही. मी कुठलीही ओळ एकदा वाजवून दाखवली की ती पाठ, आणि मग डोळे कागदावर ठेवून वाचत असल्याचं नाटक. एकदा मी मुद्दाम कागद उलटा ठेवला. तरी तिने बरोबर वाजवलं, आणि मला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून मी ऑर्गनवर चादर टाकली. एकही स्वर वाजवून दाखवायचा नाही, वहीत दिसतं ते वाजव, चुकलीस तर पहिल्यापासून. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाईट वाटायचं, पण पट्टी मी खाली ठेवली नाही. दिवाळीच्या सुमारास ती अडखळत वाचायला लागली आणि जानेवारीत सरळ वाचायला लागली. कागदावर सी दिसला की तिची बोटं आपोआप माझ्या ऑर्गनच्या सीवर जात. हे मी घडवलं, असं मी चर्चच्या पाळकांना, शेजारणीला आणि भाजीवालीलाही सांगितलं.

लेखी पेपराच्या पुस्तकात वाद्यांवर एक धडा आहे. काही वाद्यांचा कागद निराळा असतो. क्लॅरिनेटच्या कागदावरचा सी वाजवला की तो पियानोच्या बी फ्लॅटसारखा, म्हणजे एक स्वर खाली ऐकू येतो. म्हणून क्लॅरिनेटवाल्याचा कागद लिहितानाच एक स्वर वर लिहितात. वर लिहिलेलं खाली उतरतं आणि सगळ्यांचं जुळतं. या धड्यावर हमखास प्रश्न येतो. मी तिला रीत समजावली, दहा उदाहरणं घातली, आणि तिने दहाच्या दहा बरोबर सोडवली. मी खाली ‘उत्तम’ लिहिलं. ती उदाहरणं सोडवताना क्लॅरिनेट तिच्या मांडीवर होतं. मी पुढचा धडा काढला.

मार्चमध्ये दोन रचनांची पुस्तकं हवी होती. ती आमच्याकडे कुठून मिळणार, म्हणून विद्यालयानेच ईमेलने पाठवलेले कागद मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले. पियानोचे वेगळे, क्लॅरिनेटचे वेगळे. मी ऑर्गनवरची चादर काढली, ती समोर उभी राहिली आणि आम्ही सुरू केलं. दोन ओळींतच मी कानांवर हात ठेवले. एका रस्त्यावर दोन वराती समोरासमोर आल्यावर जे होतं ते माझ्या बाहेरच्या खोलीत होत होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी तिला फाडून खाल्लं. कान कुठे ठेवून आलीस, वाचतेस काय, लक्ष कुणीकडे आहे.

मग मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि मला शोध लागला. माझा कागद एफ मेजरमध्ये होता, तिचा जी मेजरमध्ये. म्हणजे तिचा आख्खा कागदच एक स्वर वर. कुणीतरी दोन वेगळ्या आवृत्त्यांची पानं एकत्र करून पाठवली होती, दुसरं काय. मी आधी झेरॉक्सवाल्याला फोन करून झापलं. तो बिचारा म्हणाला की मॅडम, जे आलं ते छापलं. मग मी पट्टी, पेन्सिल आणि कोरे कागद घेऊन बसले, आणि पुढचे तीन शनिवार ती शेजारी लेखी अभ्यास करत असताना दोन्ही रचनांचा क्लॅरिनेटचा कागद माझ्या हाताने नव्याने लिहून काढला. प्रत्येक स्वर एक घर खाली. माझं अक्षर सुरेख आहे, ती पानं छापल्यासारखी दिसत होती. त्यावरून वाजवल्यावर सगळं दुधात साखर पडावी तसं जुळलं. विद्यालयाची चूक मी श्रीरामपुरात बसून सुधारली, याचा मला इतका अभिमान वाटला की ती गोष्ट मी पुढे बरेच दिवस सांगत होते.

मे महिन्यात आमच्या भागातल्या मुलांची परीक्षा पुण्यात झाली. वडिलांना लग्नाच्या सुपाऱ्या होत्या म्हणून तिच्याबरोबर मी गेले. सकाळी पेपर झाला. ती बाहेर आली ती खुशीत, सगळं येत होतं म्हणाली. स्वर ओळखायच्या परीक्षेत तर परीक्षक तिच्यासाठी प्रश्न अवघड करत गेले आणि ती सांगत गेली. दुपारी वाजवण्याची परीक्षा होती. मी दाराबाहेर बाकावर बसले. साथीला त्यांचा पियानोवाला होता. दोन्ही रचना उत्तम झाल्या, मला बाहेर एकेक स्वर ऐकू येत होता. मग शांतता. मग त्यांनी अनोळखी कागद ठेवला असणार, पियानोवाल्याने सुरुवात केली, हिने सुरुवात केली, आणि पुन्हा त्या दोन वराती. थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी सुरूच केलं नाही.

दार उघडून पांढऱ्या केसांच्या एक परीक्षक बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात माझी हस्तलिखित पानं होती. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी लिहिलं म्हणून सांगितलं, वर मूळ कागदात छपाईची चूक होती हेही सांगितलं. त्यांनी पानं माझ्या हातात दिली. मग अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाल्या की मूळ कागद बरोबर होता. क्लॅरिनेटचा कागद एक स्वर वरच लिहिलेला असतो. ही मुलगी पियानोवाल्यासारखी वाचते, म्हणून ती जे वाचेल ते कायम एक स्वर वर जाणार. कान फार चांगला आहे तिचा, त्या म्हणाल्या, वाईट वाटतं.

मला लाज वाटायला हवी होती, पण आधी रागच आला. झेरॉक्सवाल्याचा, त्या पुस्तकाचा, काळी पाच, म्हणजे हाच बी फ्लॅट, एवढंच म्हणून गप्प बसलेल्या तिच्या वडिलांचा. मग ती दहा उदाहरणं आठवली. मीच शिकवलेली, मीच तपासलेली, मीच ‘उत्तम’ लिहिलेली. जे वाद्य समोर होतं त्याचीच ती उदाहरणं होती आणि आम्ही ती परीक्षेसाठी सोडवून ठेवून दिली होती. माझ्यासारख्या बाईला लोक हुशार म्हणतात.

परतीच्या एसटीत ती क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसली होती. नगर मागे पडल्यावर म्हणाली, “माझं चुकलं, बाई.” मी तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि तिला ते तसंच वाटू दिलं. आयुष्यात इतकी भित्री मी दुसऱ्या कुठल्या दिवशी वागले असेन असं मला वाटत नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. लेखी पेपर उत्कृष्ट, कान उत्कृष्ट, वाचन अनुत्तीर्ण. यंदा प्रवेश देता येत नाही. पुढच्या वर्षी फक्त वाजवण्याची परीक्षा द्यावी, आणि दरम्यान तयारी हे वाद्य स्वतः वाजवणाऱ्या शिक्षकाकडे करावी. ते शेवटचं वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. पुढचं वर्ष तिच्याकडे नव्हतं. वडिलांनी एकच दिलं होतं आणि ते मी वापरून टाकलं होतं. तिचा फोन आला की मावशी कागदपत्रं मागते आहे, दाखले घेऊन सोमवारी बोलावलंय. आवाज अगदी सपाट होता. मी म्हटलं, सोमवारच्या आधी मी शेवगावला येते.

ज्या एसटीने ती वर्षभर आली, त्या एसटीने मी पहिल्यांदा गेले. फाट्यावर उन्हात पाऊण तास उभी राहिले. दुसरी गाडी आली ती भरलेली, अर्ध्या वाटेपर्यंत उभ्याने. शेवगावला उतरले तेव्हा माझी कंबर धरली होती, आणि हिला मी दर शनिवारी उशीर का झाला म्हणून दारातच बोलत असे.

बँडची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. लग्नं संपली होती, वडील दोन माणसांबरोबर बसून वाद्यं दुरुस्त करत होते. मुलगी आतून पाणी घेऊन आली. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मुलगी चुकलेली नाही, मी चुकले. पहिल्या दिवसापासून चुकीचं शिकवलं, बरोबर कागद चुकीचा करून दिला. तुम्ही सांगितलेलं ऐकलं नाही. तिला अजून एक वर्ष द्या. ती दोन माणसं हातातलं काम थांबवून ऐकत होती, आणि मी त्यांच्यासमोरच हे बोलले याचं मला नंतर बरं वाटलं. तीस वर्षांत मी वर्गात एकदाही ‘माझं चुकलं’ म्हटलेलं नव्हतं.

वडील रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. हातातल्या क्लॅरिनेटची एक कळ दाबून सोडून बघत राहिले.

“वरीस देतो,” ते म्हणाले. “पन बाई, एक सांगू का. आता तिला कागद तुमी शिकवू नका.”

नगरला लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले आहेत, ते कागद वाचून वाजवतात, त्यांच्याकडे पाठवतो, असं ते म्हणाले. हे गृहस्थ ठाऊक होते, मग आधीच का पाठवलं नाही, असं मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी सांगितलं की परीक्षेचं काम आहे, परीक्षा दिलेली बाईच पाहिजे, असं सगळ्यांनी सुचवलं. मी हो म्हटलं. मुलगी दाराशी उभी होती आणि रडत होती, वर्ष मिळालं म्हणून. मला माझा शनिवार गेल्याचं दुःख झालं, आणि अशा वेळी ते झालं याचा स्वतःवरच संताप आला.

ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडीला वेळ होता. मी तिला विचारलं की इतका चांगला कान तुझा, वर्षभरात तुला कधीच शंका आली नाही का.

“आली होती,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं, बाई. दोनदा.”

“कधी?”

“ती दहा उदाहरणं केली तेव्हा म्हटलं होतं, मग माझा कागद पण असाच असेल का. आणि तुम्ही तो नवीन लिहीत होतात तेव्हा.”

“मी काय म्हणाले?”

“पहिल्यांदा म्हणालात, वेळ घालवू नकोस. दुसऱ्यांदा काही म्हणाला नाहीत. मग मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार.”

तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. गाडी लागली, तिने माझी पिशवी वर चढवून दिली आणि मला खिडकीची जागा मिळाली. नेवासा फाटा येईपर्यंत मी त्या दोन वेळा आठवून पाहिल्या. ती दहा उदाहरणं आठवली. वहीतलं तिचं तिरपं अक्षर आठवलं. कागद लिहिताना सरकू नये म्हणून पट्टीवर मी काय ठेवलं होतं तेही आठवलं. ती काही बोलल्याचं मला आठवलं नाही.